डरकाळीचं भाषांतर

त्या शहरात पहिलं वर्तमानपत्र निघालं, तेव्हा शहराला त्याची गरज आहे असं कुणी म्हटलेलं नव्हतं. गरज संपादकाला होती. त्याला बोलायला फार आवडायचं आणि ऐकणारे होते तिघंच: घरात बायको, शेजारी एक बहिरा शिंपी आणि कोपऱ्यावरचा न्हावी. न्हाव्याच्या हातात वस्तरा असल्यामुळे तिथेही मोकळेपणानं बोलता येत नसे. म्हणून त्यानं एक जुनं हातानं चालवायचं छापयंत्र मिळवलं, शिशाच्या खिळ्यांच्या चार पेट्या मिळवल्या, ते खिळे जुळवणारा एक म्हातारा जुळारी मिळवला आणि घराच्या पुढच्या खोलीत हा सगळा संसार मांडला. बायकोनं विचारलं, "पाहुणे आले तर बसायचं कुठे?" तो म्हणाला, "आता पाहुणे नाहीत, वाचक येतील." ते उभेच राहतात असा त्याचा समज असावा.

साप्ताहिकाचं नाव त्यानं ठेवलं 'डरकाळी'. नावाशेजारी वाघ हवा होता. पण लाकडावर चित्र कोरणाऱ्या सुतारानं जन्मात वाघ पाहिला नव्हता. त्यानं जे पाहिलं होतं त्यालाच पट्टे काढून दिले. त्यामुळे दर शनिवारी पहिल्या पानावर एक खाऊनपिऊन सुखी मांजर जांभई देत असे.

पण ही गोष्ट संपादकाची नाही. स्वतःविषयी जे सांगायचं ते त्यानं दर शनिवारी सांगून ठेवलेलंच आहे. ही गोष्ट त्याच्या मेहुण्याची, म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या भावाची. हा मेहुणा साहेबाच्या कचेरीत दुभाषी होता. सरकार समुद्रापलीकडून आलं होतं आणि येताना स्वतःची भाषा घेऊन आलं होतं. इथली भाषा शिकायला त्याला वेळ नव्हता. राज्य करायचं काम मोठं होतं. साहेबाला इथले सहा शब्द येत: आण, ने, चूप, गरम, लवकर आणि अजून. एवढ्यावर त्याचा संसार सुखानं चालला होता. उरलेल्या भाषेसाठी दुभाषी होता.

सरकारचा नियम असा की, देशी भाषेत जे काही छापून निघेल त्याची एक प्रत कचेरीत यावी आणि दुभाष्यानं तिचं भाषांतर सोमवारपर्यंत साहेबापुढे ठेवावं. 'डरकाळी'चा पहिला अंक निघायच्या आदल्या दिवशी ताई, म्हणजे दुभाष्याची बहीण, भर दुपारी त्याच्या खोलीवर आली. डोक्यावरचा पदर घामानं भिजलेला. हातात शाई न वाळलेलं पान.

"ह्यांनी काय लिहिलंय ते वाच," ती म्हणाली.

दुभाष्यानं वाचलं. नवा हुकूम निघाला होता की साहेबाची गाडी रस्त्यानं जात असेल तेव्हा लोकांनी डोक्यावरच्या छत्र्या मिटाव्यात. त्यावर संपादकानं लिहिलं होतं: 'ज्या सरकारला छत्रीच्या काड्यांची भीती वाटते, त्याच्या तोफांना आम्ही का भ्यावं?'

"उद्या हे तुझ्या टेबलावर येईल," ताई म्हणाली. "ह्यांना सांभाळ."

"ताई, माझं काम भाषांतर करायचं आहे, सांभाळायचं नाही."

"मग एक काम पगारापुरतं कर आणि दुसरं माझ्यासाठी फुकट कर."

ती पाणीसुद्धा न पिता गेली. दुभाषी रविवारभर कागदापुढे बसून राहिला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जसंच्या तसं लिहावं, तर सोमवारी भाऊजी गजाआड. लिहू नये, तर आपण. शेवटी त्यानं लिहिलं: 'साहेबांची स्वारी जाताना छत्र्या मिटल्यामुळे लोकांना निरभ्र आकाश पाहायला मिळतं, याबद्दल संपादक समाधान व्यक्त करतात.' मग वर्तमानपत्राचं नाव आलं. 'डरकाळी' या शब्दासाठी त्यानं साहेबाच्या भाषेतला जो शब्द निवडला, तो मांजर चुलीपाशी पडून करतं त्या आवाजाचा होता. चित्राशी तो तंतोतंत जुळत होता, त्यामुळे साहेबाला संशय यायचं कारणच उरलं नाही.

साहेबानं वाचलं आणि मान डोलावली. "समंजस माणूस दिसतो," तो म्हणाला.

पहिलं खोटं लिहायला दुभाष्याला अख्खा रविवार लागला होता. तिसऱ्या महिन्यात ते तासाभरात होऊ लागलं. दुसऱ्या वर्षी त्याला त्यात गोडी वाटायला लागली. 'लुटारू' या शब्दाचं 'संग्रहाची आवड असलेले' असं करताना त्याला सुताराला लाकूड गुळगुळीत करताना होतो तसा आनंद व्हायचा. 'हे राज्य वाळूवर उभं आहे' याचं त्यानं 'या राज्याचा पाया दूरवर पसरलेला आहे' असं केलं, त्या सोमवारी तर तो कचेरीतून घरी गुणगुणत गेला. पाप करायची सवय लागली की माणूस त्यातला कारागीर होतो. तसं त्याचं झालं.

इकडे संपादकाची वेगळीच पंचाईत होत होती. त्यानं पहिला अंक छापून अटकेची वाट पाहिली. कुणी आलं नाही. दुसऱ्या अंकात त्यानं साहेबाला 'बांडगूळ' म्हटलं. कुणी आलं नाही. उलट त्या आठवड्यात साहेबाची गाडी छापखान्यावरून गेली, तेव्हा साहेबानं टोपीला बोट लावून त्याला सलाम केला. संपादक घरात येऊन खुर्चीत बसला आणि म्हणाला, "घाबरलं! सरकार घाबरलं!"

"असेल," ताई म्हणाली, आणि भाजी चिरत राहिली.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी दुभाषी बहिणीकडे जेवायला गेला की भाऊजींचं एकच पालुपद. "काय मेहुणे, तुमच्या साहेबाची झोप उडालीय ना?"

"हो भाऊजी. फार बेचैन आहेत."

"चेहऱ्यावर दिसतं?"

"वाचताना चेहरा बदलतो," दुभाषी म्हणे. हे मात्र खरं होतं. साहेबाचा चेहरा वाचता वाचता फुलायचा.

साहेबानं संपादकाला एक मानपत्र पाठवलं. संपादकानं ते उलटं करून त्याच्या पाठीवर अग्रलेखाचा कच्चा मसुदा लिहिला आणि सगळ्यांना सांगितलं, "लाच देऊ पाहतात!" मग बंगल्याच्या बागेतल्या चहाचं बोलावणं आलं. तो गेला नाही. पण त्याच्या नावाची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवली होती हे चहा वाटणाऱ्यानं गावभर केलं. न्हावी गिऱ्हाइकांना सांगू लागला, "वरून शिव्या, आतून मेजवान्या. पेपर सरकारचाच आहे हो." वर्गणीदार एकेक करून गळू लागले. जितके गळत तितका संपादक जास्त चवताळून लिहीत असे, जितका चवताळून लिही तितकं दुभाष्याला जास्त गोड करावं लागे, आणि जितकं गोड होई तितका साहेब त्याच्यावर जास्त खूश होई. या चक्रात पाच वर्षं गेली. पाच वर्षांत साहेबानं दुभाष्याला एकदाही विचारलं नाही की तुझं घर कुठे, तुझी माणसं कोण. विचारलं असतं तर सगळंच मोडलं असतं. साहेबाच्या या थंडपणाचे उपकार मानावेत की राग धरावा, हे दुभाष्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

सहाव्या वर्षी पाण्याचं प्रकरण झालं. शहराबाहेरच्या तलावातून सरकारनं नळ आणला. तो आधी साहेबांच्या वस्तीला गेला आणि तिथेच थांबला. बंगल्यापुढचं गवत हिरवंगार झालं. तलावाकाठच्या जुन्या विहिरींना मात्र कुलपं लागली, कारण त्यांच्यामुळे तलाव आटतो असं साहेबाच्या इंजिनियरला वाटलं. शहरातल्या बायका मैलभर लांबच्या नदीवर जाऊ लागल्या.

संपादक हा बोलघेवडा माणूस होता, उतावळा होता, स्वतःवर खूश होता. पण तो अग्रलेख त्यानं चांगला लिहिला. हे मान्य करायला हवं. त्यात आरडाओरड नव्हती. कोणत्या गल्लीतल्या बाईला किती खेपा पडतात, नदीच्या पायऱ्यांपैकी कोणत्या तुटल्यात, एवढंच होतं. आणि शेवटी एक वाक्य: 'साहेबांचं गवत पाणी पितं आणि आमची लेकरं गवतासारखी सुकतात.'

दुभाष्यानं ते वाचलं. बराच वेळ त्याची लेखणी दौतीतच राहिली. त्याच्या मनात आलं, एकदाच, फक्त एवढंच जसंच्या तसं लिहावं. मग त्याला ताईचा घामेजला पदर आठवला. त्यानं लिहिलं: 'साहेबांचं हिरवं गवत पाहून लोकांचे डोळे निवतात, आणि आपली मुलंही तशीच वाढावीत अशी त्यांची इच्छा आहे.'

साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढंच पाणी त्या वर्षी शहराच्या वाट्याला आलं. त्यानं लगेच हुकूम काढला की दर रविवारी चार ते पाच या वेळात लोकांना कुंपणाबाहेर उभं राहून गवत पाहायची मुभा आहे.

पंधरा दिवसांनी म्हाताऱ्या जुळाऱ्याची बायको नदीच्या तुटक्या पायरीवरून भरल्या घागरीसकट पडली. खुब्याचं हाड मोडलं. हाड बसवणारा म्हणाला, आता ती चालायची नाही. जुळारी चौथ्या दिवशी कामावर आला. त्या दुपारी दुभाषी अंकाची प्रत न्यायला छापखान्यात आला होता. जुळारी पेटीपुढे उभा होता. बोटं सवयीनं खणांतून खिळे उचलत होती.

"तो पाण्याचा लेख मी स्वतः जुळवला होता," तो मान वर न करता म्हणाला. "एक अक्षर चुकू दिलं नाही. साहेबानं वाचला ना?"

"वाचला."

"मग?"

दुभाष्याला काहीतरी वेगळं सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं, "त्याला आवडला."

जुळाऱ्याची बोटं थांबली. त्यानं दुभाष्याकडे एकदा नीट पाहिलं. मग तो पुन्हा खिळे उचलू लागला. दुभाष्याला वाटलं, त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर दुभाष्याचं जेवण कमी झालं. भाषांतरं तो करत राहिला, पण आता ती लाकूड गुळगुळीत केल्यासारखी वाटत नव्हती. कुणाच्या तरी तोंडात बोळा कोंबल्यासारखी वाटत होती. तरीही तो करत राहिला. सवय हा माणसाचा सगळ्यात निमूट साहेब.

सातव्या वर्षी साहेबाला बढतीचे डोहाळे लागले. राजधानीतल्या वरिष्ठांना दाखवायला काहीतरी हवं होतं. त्यानं दुभाष्याला बोलावलं. टेबलावर सात वर्षांच्या भाषांतरांचा गठ्ठा होता, लाल फितीनं बांधलेला, सगळा दुभाष्याच्याच हस्ताक्षरात.

"याचं पुस्तक काढायचं," साहेब म्हणाला. "जनतेचा आवाज! एवढी समाधानी प्रजा दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात आहे?"

"कुठेच नसेल, साहेब."

"आणि छापायचं कुठे? अर्थात त्या सज्जन संपादकाच्या छापखान्यात. त्याचेच शब्द, त्याचाच छापखाना. मी गठ्ठा उद्याच पाठवतो."

दुभाष्यानं सांगून पाहिलं की तो छापखाना लहान आहे, शाई फिकी आहे, जुळारी म्हातारा आहे. जितकं तो सांगे तितकं साहेबाला ते जास्त हृद्य वाटे. साहेबाच्या भाषेचे खिळेही कचेरीनं राजधानीहून मागवून दिले. स्वतःच्या हातानं विणलेलं जाळं स्वतःच्याच पायात कसं येतं, ते दुभाषी उघड्या डोळ्यांनी पाहत राहिला.

रविवारी तो जेवायला गेला तेव्हा पाट मांडलेला नव्हता. भाऊजी पुढच्या खोलीत छापयंत्राला टेकून उभे होते. लाल फीत सुटून जमिनीवर पडली होती. साहेबाची भाषा भाऊजींना बोलायला जड जायची, पण वाचायला चांगली यायची. ताई दारात उभी होती. जुळारी पेटीपाशी.

"या मेहुणे," संपादक म्हणाला. आवाज इतका हळू होता की ऐकायला दुभाष्याला जवळ जावं लागलं. "मी वाचून दाखवतो. 'संपादकांच्या मते, नव्या करामुळे लोकांना काटकसरीची गोडी लागली आहे.' हे मी कधी लिहिलं?"

"चौथ्या वर्षी. तुम्ही लिहिलं होतं, करामुळे लोक उपाशी मरताहेत."

"आणि हे? 'संपादक साहेबांची तुलना झाडावर बहरलेल्या वेलीशी करतात.'"

"बांडगूळ," दुभाषी म्हणाला.

संपादक मटकन स्टुलावर बसला. "सात वर्षं," तो म्हणाला. "सात वर्षं मला वाटत होतं, मी सरकारला घाम फोडतोय. आणि सरकार माझ्या जिवावर मजेत डुलक्या घेत होतं!"

"भाऊजी, जसंच्या तसं लिहिलं असतं तर तुम्ही पहिल्याच महिन्यात आत गेला असता."

"मग जाऊ द्यायचं होतं! मी काय इथे वांगी विकायला बसलो होतो? मला शूर व्हायचं होतं, मेहुणे. आणि तुम्ही मला नुसतं जिवंत ठेवलंत!"

"मी सांगितलं होतं त्याला," ताई दारातूनच म्हणाली.

संपादकानं मान वळवली. "तू?"

"मी. तुम्ही आत गेला असता तर लोकांनी तुमचा जयजयकार केला असता आणि मी चूल कशावर पेटवली असती? जयजयकारावर? तुम्हाला शूर व्हायचं होतं, ते माझ्या भावाच्या जिवावर फुकटात झालात. सात वर्षं रोज गरम जेवून शूर राहायला मिळालेला दुसरा माणूस दाखवा मला."

संपादकाला बोलता येईना. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

तेव्हा जुळारी बोलला. "वहिनी, मालक वाचले ते चांगलंच झालं," तो म्हणाला. "मेहुण्यांनी सगळ्यांना वाचवलं. फक्त पाणी नाही आलं."

ताईनं पदर तोंडाला लावला. ती म्हणाली, "हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं." मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "लिहा. आता खरं भाषांतर तुम्हीच लिहा आणि छापा. जे व्हायचं ते होऊ दे."

संपादकानं आपले चार अग्रलेख निवडले आणि त्यांचं साहेबाच्या भाषेत स्वतः भाषांतर केलं. पाण्याचा लेख सगळ्यात वर. व्याकरण दोनचार ठिकाणी लंगडत होतं, पण चाल बरोबर दिशेनं होती. जुळाऱ्याला ती भाषा येत नव्हती, म्हणून संपादक एकेक खिळा दाखवत गेला आणि त्यानं साहेबानंच पाठवलेल्या नव्याकोऱ्या खिळ्यांत ते जुळवले. शनिवारी 'डरकाळी' ही पुरवणी जोडून निघाली आणि एक प्रत थेट साहेबाच्या बंगल्यावर गेली. संपादकानं दोन जोडी कपडे, एक चादर आणि दाढीचं सामान बोचक्यात बांधलं, न्हाव्याकडून डोकं नीट करून घेतलं आणि दारात खुर्ची टाकून बसला.

सोमवारी साहेबानं दुभाष्याला आत बोलावलं. पुरवणी टेबलावर होती. साहेबाचा चेहरा त्यानं जोपासलेल्या गवतासारखा झाला होता. पाणी बंद केल्यावरच्या.

"हे भाषांतर," साहेब म्हणाला, "फार वाईट आहे. नाही का?"

दुभाष्याला क्षणभर कळेना. मग उमगलं. हे भाषांतर खरं ठरलं, तर सात वर्षं राजधानीला पाठवलेले अहवाल खोटे ठरतात. म्हणजे साहेब मूर्ख ठरतो. राजद्रोह सरकार एखादे वेळी पोटात घालेल, पण मूर्ख साहेब वरिष्ठांच्या पचनी पडत नाही.

"बिचाऱ्या संपादकाला आपली भाषा येत नाही," साहेब पुढे म्हणाला. त्यानं एक लिहून ठेवलेला कागद पुढे सरकवला. "त्याला म्हणायचंय एक आणि शब्द पडलेत भलतेच. तुम्ही तज्ज्ञ आहात. इथे सही करा की हे भाषांतर चुकीचं आहे. तुमचं बरोबर. झालं, विषय संपला."

सुटकेचं दार सताड उघडं होतं. भाऊजी वाचणार होते, ताईची चूल पेटती राहणार होती, स्वतःची नोकरी राहणार होती. एवढं सोपं काम साहेबानं सात वर्षांत सांगितलं नव्हतं. दुभाष्यानं लेखणी हातात घेतली. टाक शाईत बुडवला. आणि तो परत दौतीत ठेवला.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "व्याकरणाच्या चुका आहेत, पण भाषांतर बरोबर आहे. माझं चुकीचं होतं."

"कुठल्या ठिकाणी?"

"सगळ्या ठिकाणी."

साहेब खिडकीपाशी गेला. परत आला. "तुमची तब्येत बरी दिसत नाही," तो म्हणाला. "मी पुन्हा विचारतो."

"पुन्हा तेच सांगेन, साहेब. लोकांना गवत पाहायचं नाही. पाणी हवंय."

सात वर्षं खोटं लिहिलं तेव्हा बढती मिळत गेली. एकदाच खरं बोलला आणि त्या दिवशी नोकरी गेली. हुकमात कारण दिलं होतं: 'दुभाष्याचं भाषेचं ज्ञान अपुरं आढळून आलं.' हुकूम खिशात घालून तो कचेरीच्या पायऱ्या उतरला. भर उन्हात, गर्दीच्या रस्त्यावर, एकटाच खोखो हसत सुटला. एक बाई मुलाला ओढून पलीकडे गेली.

संपादक दारात तीन दिवस बसून होता. बोचकं मांडीवर. पहिल्या दिवशी लोक आदरानं पाहून गेले. दुसऱ्या दिवशी शिंप्यानं विचारलं, कुठल्या गावाला निघालात? तिसऱ्या दिवशी कचेरीतून चपराशी आला तेव्हा संपादक ताडकन उठून उभा राहिला. चपराशानं चिठ्ठी दिली. साहेबांनी लिहिलं होतं की आपल्या अशुद्ध लेखनाकडे सरकार मोठ्या मनानं दुर्लक्ष करत आहे. आपण एखादा चांगला शिक्षक लावावा.

"शिक्षक!" संपादक किंचाळला. "अहो, मला धरा! कुणीतरी मला धरा!"

शेवटी ताईनंच दंडाला धरून आत नेलं.

पुस्तक दुसऱ्या शहरात छापून निघालं. साहेबाला बढती मिळाली. इथे सगळं होतं तसंच. हे असंच राहिलं असतं, पण बेकार दुभाष्याला आता दिवसभर वेळ होता. एका दुपारी तो छापखान्यात येऊन म्हणाला, "भाऊजी, पुरवणीच्या उरलेल्या प्रती द्या. इथल्या साहेबाला वाचायचं नाही ना, तर तिकडच्या लोकांना वाचू दे. त्यांच्या देशात काय वर्तमानपत्रं नाहीत?"

"आणि ते आपलं ऐकणार?"

"तुमचं नाही ऐकणार. तुम्ही शिव्या देता. पत्र मी लिहितो."

त्यानं पत्र लिहिलं. सात वर्षं घासूनपुसून कमावलेली सगळी मधाळ भाषा त्यात ओतली. इतकं नम्र, इतकं आर्जवी, की वाचणाऱ्याला ते टाकून देणं म्हणजे आपल्याच सभ्यतेला लाथ मारणं वाटावं. फक्त या वेळी त्या मधाखाली प्रत्येक आकडा खरा होता: किती खेपा, कोणत्या पायऱ्या, किती कुलपं, कोणाचा खुबा. अशा बारा प्रती बोटीनं गेल्या. अकरांचं काय झालं कळलं नाही. बारावी तिकडच्या एका वर्तमानपत्रानं छापली. शहराची दया आली म्हणून नव्हे, तर तिथल्या विरोधी पक्षाला त्या आठवड्यात काहीतरी हवं होतं म्हणून.

आठ महिन्यांनी राजधानीहून विचारणा आली. नव्या साहेबानं दोन हुकूम एकाच दिवशी, एकाच शाईनं काढले. पहिला: शहराच्या नळाला रोज सकाळी दोन तास पाणी सोडावं आणि विहिरींची कुलपं काढावीत. दुसरा: 'डरकाळी' बंद, छापखान्याला सील, संपादकाला सहा महिने कैद. सरकारनं चूक सुधारली आणि चूक दाखवणाऱ्याला शिक्षाही केली. न्याय कुठल्याच बाजूला कमी पडू दिला नाही.

संपादक तुरुंगात गेला तो नवरदेवासारखा. ताई मात्र दाराआड रडली, आणि दुसऱ्या दिवसापासून शिवणकाम घेऊ लागली. कधीतरी रागानं म्हणे, "नळाला पाणी आलं, पण घागर कुणाची फुटली?" दुभाषी ऐकून घेई. खाली मान घालून, पण ऐकून घेई. पूर्वी तो असल्या वेळी काहीतरी गोड बोलला असता.

जुळाऱ्याच्या बायकोला खाटेवरून नळाचा आवाज ऐकू येई. ती रोज सकाळी नवऱ्याला सांगे, "आज धार बारीक आहे." पायावर ती पुन्हा उभी राहिली नाही.

छापखान्याच्या मागच्या खोलीला सील नव्हतं. तिथे दुभाष्यानं साहेबाची भाषा शिकवायचा वर्ग काढला. दारावर पाटी लावली. ताईनं विचारलं, "आता हे कशाला?"

"म्हणजे पुन्हा कुणाला माझ्यासारख्यावर विसंबून राहावं लागणार नाही," तो म्हणाला.

पहिल्या सकाळी शिंप्याच्या दोन मुली आल्या, एक गाडीवान आला, न्हावी आला. तो म्हणे नुसतं बघायला. आणि सगळ्यांच्या आधी येऊन जुळारी पुढे बसला होता, मांडीवर पाटी घेऊन. दुभाष्यानं फळ्यावर पहिलं अक्षर काढलं. जुळाऱ्यानं मान वाकडी करून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला वाकडी करून पाहिलं.

"काय झालं, काका?"

"तुमच्या साहेबाची अक्षरं मी आजवर फक्त शिशात पाहिलीत," म्हातारा म्हणाला. "खिळ्यावर असतात तशी, उलटी. ही सरळ काढलीत, म्हणून ओळखू येईना."

दुभाष्यानं फळा पुसला आणि अक्षर त्याच्यासाठी उलटं काढलं.

"हां," जुळारी म्हणाला. "आता वाचता येतं. पुढचं काढा."